चैत्रातली भुलाबाई

मोहगाव, पारशिवनीजवळ
६ जुलै १९८०

अंजनाबाईंना सुभद्राचा जयभीम.

पत्र लिहायला काहीतरी कारण लागतं म्हणे. माझ्याकडे कारण नाही, नुसती आठवण आहे. खैरघाटच्या जेलातून सुटून मला महिना होत आला. निघताना तुम्ही फाटकाशी म्हणालात, "पोचली का नाही ते कळव," आणि नागपूरचा, सक्करदऱ्याच्या घरचा पत्ता सांगितलात. तुम्हाला वाटलं असेल ही विसरेल. अहो, मी विसरणाऱ्यातली असते तर जंगलच्या गार्डाने माझा विळा हिसकावला तेही विसरले असते. त्याच्या पाठीत मोळीतलं लाकूड घातलं नसतं, आणि सहा महिने तुमची पाहुणीही झाले नसते.

घरी सगळं ठीक आहे. लेक जया मला पाहून आधी बकरीमागे लपली आणि रात्री माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपली. देवराव पहिल्यासारखाच, दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन बैलांशी. गावच्या बायका मात्र रोज काहीतरी निमित्त काढून येतात. तिथे खायला काय द्यायचे, पांघरायला काय, काम काय करून घ्यायचे, सगळं विचारतात. एक गोष्ट तोंडाने विचारत नाहीत, डोळ्यांनी विचारतात. जेलात राहिलेली बाई धड परत येते का, हा तो प्रश्न.

मी धड परत आले. ते कोणामुळे, हे सांगायलाच हे पत्र आहे.

आता सुटले आहे तर सांगून टाकते, आम्ही मागे तुम्हाला ‘कुलूप’ म्हणायचो. बायकांच्या बराकीची किल्ली कमरेला बांधलेली, तोंड मिटलेलं, हसू महिन्यातून एकदा. आणि तो तुमचा जोडीचा कायदा! बाई एकटी कुठे जायची नाही. पाण्याला जोडीने, धान्य निवडायला जोडीने, संडासलासुद्धा जोडीने. माझी जोडी बायजाबाई, तिला सारखी खोकल्याची ढास. मी किती कुरकुर केली, तुम्हाला तोंडावर काय काय बोलले.

आणि ती भुलाबाई! आमच्या घरी छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून भुलाबाई बसत नाही, पण आईच्या लहानपणच्या चाली कानात होत्या. भादव्यात पोरीबाळींनी खेळायची ती भुलाबाई आपण भर चैत्रात खेळलो. अंगणात पुरुषाचं पाऊल पडलं की जिला आधी दिसेल तिने गाणं उचलायचं, बाकीच्यांनी हातातलं टाकून फेर धरायचा. तुम्ही म्हणाला होतात, "आरडाओरड केली तर बेशिस्त म्हणून शिक्षा लागते. देवाचं गाणं म्हटलं तर काय शिक्षा लावतील?" जेलरसाहेब नेमके तुमच्या जेवणाच्या वेळेला यायचे आणि आमचा फेर पाहून तसेच माघारी फिरायचे. त्यांचा तो चेहरा आठवला की अजून हसू येतं.

सगळ्याच वेळा हसण्यासारख्या नव्हत्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला ते कागदावर उतरवायचं नाही.

एवढंच की तुमचे उपकार आहेत. बराकीतल्या आपल्या प्रेमिलाला सांगा, सुभद्रा आठवण काढते. पोरीला सांभाळा.

तुमची
सुभद्रा


सक्करदरा, नागपूर
१९ जुलै १९८०

चि. सुभद्रास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. मी ठीक आहे. कामामुळे वेळ होत नाही.

सुटलेल्या बाईने आणि जेलच्या नोकराने पत्रव्यवहार ठेवू नये हे चांगलं. लोक भलते अर्थ काढतात. संसारात लक्ष घाल. लेकीला शाळेत घाल.

अंजनाबाई


मोहगाव
२ ऑगस्ट १९८०

अंजनाबाई,

तुमचं पत्र वाचलं. वाचायला वेळ लागला नाही. चार ओळी होत्या.

मला वाटलं होतं फाटकाच्या आत तुम्ही मेट्रन आणि बाहेर माणूस. माझीच चूक. जेलची बाई ती जेलचीच, सुटली तरी. यापुढे त्रास देणार नाही. जयाला शाळेत घातलं आहे, तेवढं तुमचं ऐकलं.

सुभद्रा


मोहगाव
१४ सप्टेंबर १९८०

अंजनाबाई,

मागच्या कार्डाबद्दल माझ्या थोबाडीत मारा. काल पारशिवनीच्या बाजारात बायजाबाई भेटली. ती पोळ्याच्या आधी सुटली. माझ्या टोपलीतली वांगी दाबून पाहता पाहता म्हणते, "मेट्रनबाईले तं घरी बसवलं, ठाऊक नाही काय वं तुले?"

मी म्हटलं, "अवं, मले तं त्यायनं लिवलं, कामातून वेळ भेटत नाही."

"कायचं काम? सस्पेंड केलं बाईले. तू सुटली त्याच हप्त्यात. अन् दुसरी आणली थे जेलरनं किल्ली मांगतली की काढून देते."

वांगी कोणी नेली आणि किती नेली, माझं लक्ष नव्हतं.

म्हणजे तुम्ही घरी बसून मला "कामामुळे वेळ होत नाही" असं लिहिलंत. मी सहा महिने तुमच्या नजरेखाली काढले, तुम्ही खोटं बोलताना मी एकदा पाहिलं नव्हतं. पहिलं खोटं बोललात ते माझ्याशी! का लपवलंत? आणि प्रेमिलाचं काय झालं? बायजाबाई तिचं नाव काढलं की खोकायला लागते. मला सगळं लिहा. नाही लिहिलंत तर मी सक्करदऱ्याला येऊन तुमच्या दारात फतकल मारून बसेन, आणि मी बसले की उठवणं किती अवघड असतं ते जंगलखात्याला विचारा.

सुभद्रा


सक्करदरा, नागपूर
२८ सप्टेंबर १९८०

चि. सुभद्रास,

धमकी दिली आहेस तर लिहिते.

तू गेलीस त्यानंतर लगेच जेलरसाहेबांचा निरोप आला की प्रेमिलाला बंगल्यावर झाडलोटीला पाठवा. मी म्हटलं, दोन बायका पाठवते, सोबत मी येते. ते म्हणाले, एकटी हवी. मी म्हटलं, तसा नियम नाही. मग ते स्वतः आले आणि हात पुढे करून म्हणाले, "मेट्रन, किल्ली." बायकांच्या बराकीची किल्ली पुरुषाच्या हातात जात नाही, हा नियम मी केलेला नाही, सरकारने केलेला आहे. तो मी त्यांना म्हणून दाखवला आणि उंबरठ्यावर बसून राहिले. तुझ्याकडूनच शिकले असेन.

संध्याकाळी मी वरच्या साहेबांकडे तक्रार लिहून पाठवली. त्यांची तक्रार माझ्या आधी पोचली होती. हुकूम मोडला, कैदी बायकांना गाणी म्हणायला लावून शिस्त बिघडवली, असे आरोप. मला घरी बसवलं. चौकशी १९ नोव्हेंबरला नागपुरात आहे.

माझ्या तक्रारीत प्रेमिलाचं नाव आहे, कारण तिने मला लिहा म्हटलं होतं. पण चौकशीचा कारकून जेलात जाऊन आला तेव्हा ती म्हणाली, काही घडलं नाही. मी तिच्यावर रागावले नाही. तिचा खटला अजून उभा आहे, तिला रोज त्याच भिंतींच्या आत झोपायचं आहे, आणि आता किल्ली कोणाच्या हातात आहे ते बायजाबाईने तुला सांगितलंच.

धान्याच्या कोठीचं मी कुठेच लिहिलेलं नाही. त्या दिवशी आत तू होतीस हे तुझं आहे. ते कागदावर चढवायचं की नाही हे तू ठरवायचं, मी नाही. म्हणून तुला कळवलं नव्हतं. तुला कळलं असतं तर तू धावत आली असतीस आणि मागाहून पस्तावली असतीस. तू येऊ नकोस. माझी नोकरी गेली तर आईला आणि मला दोन वेळचं मिळेल इतकं शिवणकाम मला येतं. प्रेमिलाची तेवढी काळजी वाटते.

अंजनाबाई


मोहगाव
१२ ऑक्टोबर १९८०

अंजनाबाई,

तुमचं पत्र चुलीमागे लपवून ठेवलं आहे. रोज काढते, वाचते, परत ठेवते.

मी येऊ शकत नाही. हे लिहायला मला पंधरवडा लागला.

कारण सांगते. देवरावने मला एका शब्दाने काही विचारलेलं नाही. जेल कसं होतं, कोण कसं वागलं, काही नाही. बाकीचे विचारतात तेव्हा उठून बैलांकडे जातो. मला कळत नाही त्याच्या मनात काय आहे. विचारत नाही म्हणजे त्याने मनात काहीतरी धरलं आहे, असं मला वाटतं. आता मी साहेबांपुढे उभी राहून सांगितलं की जेलरने मला जोंधळे निवडायला म्हणून कोठीत बोलावलं, बायजाबाईला सूप आणायला पिटाळलं आणि दार लावलं, तर ते गावात पोचायला किती वेळ लागेल? तुम्ही दार उघडलंत हे कोणी ऐकणार नाही. दार लागलं होतं, एवढंच ऐकतील. देवरावही तेवढंच ऐकेल. आणि जया मोठी होणार आहे.

शिवाय माझं कोण मानेल? सरकारी माणसावर हात टाकून शिक्षा भोगलेली बाई मी. दुसऱ्या सरकारी माणसावर आळ घ्यायला उभी राहिले की हसतील.

तुमच्या जागी मी असते तर मला शिव्या दिल्या असत्या. तुम्ही द्या, मी वाचेन.

सुभद्रा


सक्करदरा, नागपूर
२५ ऑक्टोबर १९८०

चि. सुभद्रास अनेक आशीर्वाद.

शिव्या कशाबद्दल देऊ? तू खरं लिहिलंस, तुझे आभार मानते. मनापासून.

बारा वर्षं मी बायकांच्या बराकीत काढली. तिथे बाईला सगळ्यात आधी ‘नाही’ म्हणणं विसरावं लागतं. ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं. अशा जागी कोणी दार लावून घेतलं तर ती नाही म्हणेल कुठून? मग लोक विचारतात, ओरडली का नाही. तू तिथून बाहेर आलीस आणि मला ‘नाही’ म्हणालीस. तुला वाईट वाटतंय ते मला कळतं, पण मला ते वाचून बरं वाटलं.

दिवाळीत पोरीला गोडधोड कर.

तुझी
अंजनाबाई


मोहगाव
२१ नोव्हेंबर १९८०

अंजनाबाई,

परवा चौकशीतून निघताना तुमचा हात नुसता दाबला आणि पळाले. शेवटची एस.टी. धरायची होती आणि त्याच्या आधी इतवारीत जाऊन एक गंज, पाण्याचं भांडं, विकत घ्यायचं होतं. देवरावला मी तसं सांगून निघाले होते. जुना गंज गळतो, नागपूरहून नवा आणते. त्यामुळे रिकाम्या हाताने परत जाता येत नव्हतं. भांड्यांच्या गल्लीत पहिल्या दुकानात शिरले, पहिला दिसला तो उचलला आणि धावले.

मी का आले? तुमच्या मागच्या पत्रामुळे. तुम्ही ‘ये’ लिहिलं असतंत तर आले नसते, मी तशीच आहे. तुम्ही मला नाही म्हणू दिलंत. त्यानंतर मला घरी बसवेना.

आत काय झालं ते तुम्हाला कोण सांगणार, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं, कारण म्हणे तुम्ही मला डोळ्यांनी खुणा कराल. जेलरसाहेबांना मात्र आत खुर्ची. ते जणू डोळे घरी ठेवून आले होते. टेबलापलीकडे एक साहेब आणि एक चष्म्याच्या बाई. साहेब आपल्या पेनात शाई भरत होते. बाई काहीच करत नव्हत्या, नुसत्या पाहत होत्या.

आधी त्यांनी जेलरना बोलू दिलं. ते अगदी तयारीत होते. म्हणाले, "या मेट्रनने बायकांना माझा अपमान करायला शिकवलं. मॅडम, तुम्ही याच भागातल्या. तुम्हीच सांगा, चैत्रात भुलाबाई कधी ऐकलीत?"

त्यांना वाटलं, नागपूरकडची बाई, अवेळी देव बसवला म्हटल्यावर कानांवर हात ठेवील.

"नाही ऐकली," बाई म्हणाल्या. "केव्हा म्हणत होत्या?"

"केव्हा काय! मी आत पाऊल टाकलं रे टाकलं की सुरू. दर वेळेला!"

"म्हणजे तुम्ही बरेचदा आत जात होता."

"तपासणीला जावं लागतं."

"बायकांच्या बराकीत मेट्रन सोबत असल्याशिवाय पुरुष अधिकाऱ्याने जायचं नसतं. त्या वेळी मेट्रन कुठे असायची?"

"जेवायला..." साहेबांनी पेन खाली ठेवलं. अंजनाबाई, मला हसू आलं असतं, पण माझी पाळी अजून यायची होती.

मग बाई माझ्याकडे वळल्या आणि आपल्या बोलीत म्हणाल्या, "काहून म्हणत होत्या जी तुमी चैत्रात भुलाबाई?"

मी म्हटलं, "कोणी एकटी सापडू नये म्हणून."

"एकटी कोणी सापडली होती काय?"

इथे मी खाली पाहिलं. फरशी होती, तिच्यावर शाईचा डाग होता. प्रेमिला डोळ्यांपुढे आली. देवरावही आला. बाईंनी घाई केली नाही.

मी म्हटलं, "होती. मी."

मग सांगितलं. कोठी, जोंधळे, लावलेलं दार. मनगट धरून ते म्हणाले होते, शिक्षेत सूट मिळवून देतो, घरी लवकर जाशील, लेक वाट पाहत असेल. लेकीचं नाव घेतलं म्हणून माझ्या तोंडातून शब्द निघेना, तेही सांगितलं. बाहेर बायजाबाई सूप घेऊन आली, दार लागलेलं पाहून तिने एकटीने त्या खोकल्याच्या गळ्याने गाणं उचललं. सगळ्या जमल्या आणि तुम्ही हातातला घास टाकून आलात आणि दार उघडलंत. हे सगळं.

जेलरसाहेब उभेच राहिले. "ही कोण आहे ते विचारा! सरकारी माणसाला मारून शिक्षा भोगलेली बाई आहे ही!"

या वेळी मी खाली पाहिलं नाही. मी म्हटलं, "हो, मारलं, अन् शिक्षा भोगली. तुमाले मारलं नाही, कारण मेट्रनबाईनं दार उघडलं."

बाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मला पाणी दिलं. मग पहिल्यापासून सगळं हळूहळू परत विचारलं, लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. शेवटी अंगठा मागितला नाही, सही मागितली. मी चौथी पास आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. बाहेर पडता पडता मी त्यांना म्हटलं, "प्रेमिला तुमच्यासमोर बोलेल, पण तिले भिंतीच्या बाहेर आणा, अन् एकटीले विचारा."

झालं ते असं. घरी कोणाला काही ठाऊक नाही. तुमची नोकरी राहिली का, कळलं की कळवा, पण पत्र असं लिहा की कोणी वाचलं तर कळू नये.

तुमची
सुभद्रा


सक्करदरा, नागपूर
१७ जानेवारी १९८१

प्रिय सुभद्रा,

हे पत्र घरात मोठ्याने वाचू नकोस.

ऑर्डर आली. मी परत कामावर. जेलरसाहेबांना निलंबित केलं आहे आणि प्रकरण पोलिसांकडे गेलं आहे. पुढे काय होईल ते कोर्ट ठरवील. माझ्या मनात फार आशा नाही, पण ते त्या फाटकातून आत येणार नाहीत, एवढं नक्की.

प्रेमिला बोलली. चष्म्याच्या बाईंनी तिला तपासणीच्या नावाखाली दवाखान्यात आणवलं आणि तिथे एकटीला विचारलं. आधी रडली, मग म्हणाली, "सुभद्राबाई बोलली काय? मंग मी पण सांगतो." तिला आता दुसऱ्या जेलात हलवलं आहे आणि तिला वकील दिला आहे.

आणखी काही ठरलं आहे. बाईमाणूस कैदी बंगल्यावर कामाला जाणार नाही, कोणाच्याही. किल्ली मेट्रनकडेच, आणि मेट्रन जेवायला गेली तर दुसरी बाई दाराशी. दर महिन्याला बाहेरची एक बाई येऊन बायकांशी जेलच्या माणसांना बाहेर ठेवून बोलेल. मी ऑर्डर वाचली, आईला चहा ठेवायला सांगितलं, आणि मग मला रडू आलं. आई घाबरली. तिने मला रडताना वडील गेले तेव्हाच पाहिलं होतं.

सुभद्रा, मला लोक म्हणतात, मेट्रनने बायकांना वाचवलं. मी माझं काम केलं, त्याचा पगार घेतला. तुला कोणी पगार दिला नव्हता. तू घर पणाला लावून आलीस. जेलच्या नोकरीत कैद्याचे आभार मानायची रीत नाही. मी मानते. हात जोडून मानते.

तुझ्या घरी काही कळलं असेल आणि त्याचा त्रास होत असेल तर इकडे निघून ये. जयाला घेऊन ये. जागा आहे.

तुझी
अंजनाबाई


मोहगाव
१ फेब्रुवारी १९८१

अंजनाबाई,

हे पत्र देवराव सांगतो आहे आणि मी लिहिते आहे. त्याला लिहिता येत नाही. म्हणतो, एक शब्द इकडचा तिकडे करू नको. म्हणून तो बोलतो तसंच उतरवते.

अंजनाबाईले देवरावचा जयभीम. मी जन्मात कोणाले पत्र धाडलं नाही, चुकलं माकलं तं पोटात घाला. तुमची चिठ्ठी आली. मोठ्यानं वाचू नको म्हणून लिवलं होतं, हिनं मोठ्यानंच वाचली. मले सारं ठाऊक हाये. गंज आणला त्याच हप्त्यापासून ठाऊक हाये.

थो गंज पाणी भरलं तं बुडातून झिरपाले लागला. आता हे बाई साधं मडकं घ्याचं असलं तं कुंभाराले रडवते, वाजवून वाजवून पायते. हिनं इतवारीतून न वाजवता गंज आणला! म्हटलं, हिचं ध्यान गंजात नव्हतं. मंग कुठी होतं? पुसलं, तं रडाले लागली.

(रडले नव्हते. कांदा चिरत होते.)

कांदा नव्हता. लिव तू.

मंग तिनं सांगतलं. कोठीचं सांगतलं, तुमचं सांगतलं, साहेबापुढं काय बोलली थे सांगतलं. मी तिले पह्यलेच काहून नाही पुसलं, तं मले वाटे, पुसलं की हिले वाटंल हा शक घेऊन राहिला. अन् हिले वाटे, हा पुसत नाही म्हणजेच शक घेऊन राहिला. दोघंबी येडे. गावातबी आता कळलं हाये. दोन-चार जण बोलले. मी त्यायले म्हटलं, माझी बायको साहेबापुढं खरं बोलून आली, तुमच्यात कोणी बोललं काय कदी? आता कोणी बोलत नाही. आमी सक्करदऱ्याले राहाले येत नाही, पण भेटाले येऊ, तांदूळ घेऊन येऊ.

तुमचे उपकार लई हायेत बाई. थे मी फेडू शकत नाही. तुमी होत्या म्हणून माझी बायको हसत घरी आली.

आता एक गोष्ट हाये. थे मले हिच्या तोंडावर बोलता येत नाही, म्हणून तुमाले सांगतो, म्हणजे हिले आपल्या हातानं लिवाच लागंल. थ्या दिवशी थे दार कोणी उघडलं नसतं, तरी मी हिले घ्याले आलोच असतो. जशी असती तशी आणली असती. अन् मान वर करून आणली असती.

(इथे मी थांबले होते. तो म्हणतो, "लिवलं काय वं?")

लिहिलं.